आयटीआयला किती टक्के लागतात?



दहावीचा निकाल लागला की युसूफ वडगावात एक प्रश्न हमखास कानावर येतो. पारावर येतो, किराणा दुकानात येतो, शाळेच्या फाटकावरसुद्धा येतो. "मॅडम, आयटीआयला किती टक्के लागत्यात?" मी प्राथमिक शिक्षिका. माझ्या वर्गातून पोरगं बाहेर पडून पाच-सहा वर्षं झालेली असतात. पण गावात शिक्षक म्हटलं की शिक्षक, मग तो पहिलीचा असो की पीएचडीचा. म्हणून हा विषय आज मांडते आहे. हायस्कूलच्या मास्तरांचा विषय आपण कशाला घ्यायचा, असं काही जणांना वाटेल. पुढे वाचा, मग ठरवा.

पहिली गोष्ट, या प्रश्नाला उत्तरच नाही. म्हणजे आकडा असा नाही. पात्रता वेगळी आणि निवड वेगळी, आणि आपल्याकडे या दोन्हींची सरमिसळ होते. पात्रता फार साधी आहे. वय कमीत कमी १४ वर्षं पूर्ण पाहिजे, कमाल वयाची अट नाही. बहुतेक ट्रेडला दहावी पास पाहिजे. इलेक्ट्रिशियन, फिटर अशा ट्रेडला दहावीत गणित-विज्ञान पाहिजे. आणि वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम, शिवणकाम अशा काही ट्रेडला दहावी नापास पोरगंही अर्ज करू शकतं. हे शेवटचं वाक्य गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. नापास झालेलं पोरगं घरी बसतं, मग मुकादमाच्या गाडीत बसतं. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की त्याच्यासाठीही एक दार आहे.

निवड मात्र यादीवर होते. अर्ज किती आले, जागा किती, कुठली संस्था, कुठला प्रवर्ग, कितवी फेरी, यावर शेवटचा आकडा ठरतो. इलेक्ट्रिशियनची यादी वर बंद होते, दुसऱ्या एखाद्या ट्रेडची बरीच खाली. केजला एक आकडा, अंबाजोगाईला दुसरा. आमच्या गावाला कळंबही जवळचं, पण तो जिल्हा दुसरा, आणि जागांच्या वाटपात जिल्हा बघितला जातो. त्यामुळे "किती टक्के लागतात" असं विचारण्यापेक्षा "माझ्या पोराला कशात गोडी आहे, आणि त्या ट्रेडची यादी गेल्या वर्षी कुठं थांबली" असं विचारलं पाहिजे. पण पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर बापाकडं नसतं, पोराकडंही नसतं. खरी अडचण तिथं आहे.

थोडं मागं जाऊ. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९५० साली, केंद्र सरकारनं शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि त्यातून या औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला, म्हणजे शिकून झाल्यावर कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून हात बसवायची सोय झाली. आज महाराष्ट्रात चारशेच्या वर शासकीय आयटीआय आहेत, खासगी वेगळ्या. आपल्या तालुक्याला केजलाच शासकीय आयटीआय आहे. तरीही गावात तिची ओळख काय? "काहीच नाही जमलं तर आयटीआय." ज्या संस्थेला पंचाहत्तर वर्षांचा इतिहास आहे, तिला आपण शेवटच्या बाकावर बसवलं आहे.

जाता जाता एक गंमत सांगते. या ट्रेडना सरकारी मराठीत फार देखणी नावं आहेत. फिटर म्हणजे जोडारी, टर्नर म्हणजे कातारी, वेल्डर म्हणजे संधाता, इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री, वायरमन म्हणजे तारतंत्री. संधाता! काय शब्द आहे. पण माहितीपुस्तिकेत हे नाव वाचून पोरगं गोंधळतं आणि बापाला सांगतं की वेल्डिंगचं काही दिसत नाही इथं. माझं म्हणणं एवढंच की नाव सुंदर असू द्या, शेजारी गावचं नावही छापा.

आता प्रवेशाची वाट कशी आहे ते बघा, कारण आपली पोरं टक्क्यांवर कमी आणि वाटेवर जास्त गळतात. प्रवेश ऑनलाइन आहे. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर नोंदणी करायची, अर्ज भरायचा, शुल्क भरायचं. इथपर्यंत गावातला कॅफेवाला करून देतो. मग पोराला वाटतं, झालं. पण झालेलं नसतं. मूळ कागद घेऊन आयटीआयत जायचं, तिथं तपासणी करून अर्ज निश्चित करून घ्यायचा, तेव्हा कुठं तो अर्ज यादीसाठी धरला जातो. त्यानंतर विकल्प भरायचे, म्हणजे कुठली संस्था आणि कुठला ट्रेड, पसंतीच्या क्रमानं. अर्ज भरला पण निश्चित केला नाही, निश्चित केला पण विकल्पच भरले नाहीत, अशी पोरं दरवर्षी निघतात. गुणवत्ता यादीत नाव दिसलं म्हणून पेढे वाटलेले असतात आणि जागा वाटपात नाव नसतं.

विकल्पांचा क्रम हा तर जुगार असल्यासारखा भरला जातो. नियम असा आहे की पहिल्या फेरीत तुम्ही पहिल्या क्रमांकावर लिहिलेला विकल्पच तुम्हाला मिळाला, तर तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या केंद्रीय फेऱ्यांतून तुम्ही बाद. नियमाचं कारण रास्त आहे, जागा अडवून बसणारे कमी होतात. पण मित्राबरोबर एकत्र जाता येईल म्हणून, किंवा कॅफेवाल्याला ती संस्था यादीत आधी दिसली म्हणून पहिला विकल्प पडलेला असेल, तर या नियमाचा फास होतो. आणि अर्जात मोबाइल नंबर कुणाचा? कधी कॅफेवाल्याचा, कधी मामाचा, कधी बापाचा, जो रिचार्ज संपल्यामुळं बंद आहे. जागा मिळाल्याचा मेसेज त्याच नंबरवर जातो. मुदत चार-पाच दिवसांची. पोरगं घरी बसून विचारतं, "अजून काहीच कळलं नाही मॅडम."

दरवर्षी नियमात थोडाफार फरक होतो, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि स्वतः वाचा. कंटाळवाणी आहे, पण मराठीत आहे.

आता कागदांकडे येते, आणि इथं आपला, म्हणजे प्राथमिक शिक्षकांचा, थेट संबंध येतो.

आयटीआयला लागणाऱ्या कागदांत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं गुणपत्रक, आधार, जातीचा दाखला आणि ज्यांना लागतं त्यांना नॉन-क्रिमीलेअर. या सगळ्या कागदांवरचं नाव आणि जन्मतारीख कुठून आली? पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी आपल्या जनरल रजिस्टरमध्ये जी ओळ लिहिली गेली, तिथून. आई कामावर गेलेली, आजी पोराला घेऊन आलेली, अंगणवाडीच्या वहीत एक तारीख, जन्मदाखल्यावर दुसरी, आधारवर तिसरी. बापाचं नाव कुठं "बाबु", कुठं "बाबू", कुठं "बाबुराव". पहिलीत हे सगळं चालून जातं. दहा वर्षांनी आयटीआयच्या टेबलावर तेच अडतं. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एकदा नाव छापलं गेलं की दुरुस्ती म्हणजे हेलपाटेच. म्हणून मी म्हणते, या पोरांच्या निवडीची पहिली फेरी आपल्या टेबलावर होते, आणि ती पण सहाव्या वर्षी.

जातीच्या दाखल्याचं तर बोलायलाच नको. त्याला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १९५० च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गासाठी १९६७ च्या आधीचा. इतका जुना लेखी पुरावा गरिबाच्या घरात कुठं असणार? जमीन असेल तर काही कागद सापडतो. नाहीतर आजोबाचा किंवा चुलत आजोबाचा शाळेचा निर्गम उतारा. म्हणजे पुन्हा आपलीच शाळा, आपलंच जुनं रजिस्टर, ज्याची पानं पिवळी पडली आहेत आणि ज्याच्या कडा वाळवीनं खाल्ल्या आहेत. आणि आजोबा शाळेत गेलाच नसेल तर? ज्याच्या तीन पिढ्या शाळेबाहेर राहिल्या, त्यालाच आरक्षणाची गरज जास्त. आणि त्याच्याकडंच शाळेचा पुरावा नसतो. तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, कुठल्याही समाजाचे असा, हा पेच तुम्हाला मान्य करावा लागेल.

नॉन-क्रिमीलेअरची गोष्ट आणखी वेगळी. भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग यांना तो लागतो. मर्यादा आठ लाखांची. वर्षातले पाच-सहा महिने कोपीत राहून ऊस तोडणाऱ्या जोडप्याला कागद काढून सिद्ध करावं लागतं की आम्ही सायीच्या थरातले नाही. नियम आहे, पाळावाच लागतो. पण हा कागद जून महिन्यात काढायला गेलात तर काय होतं, हे प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहे. सगळ्या जिल्ह्याची पोरं त्याच महिन्यात रांगेत, सर्व्हर बसलेला, सेतूवाला सांगतो आठ दिवसांनी या. तोवर अर्ज निश्चितीची तारीख गेली. आता निकालही लवकर लागायला लागला, २०२५ साली तर १३ मे रोजीच लागला. मग कागदांचं शिबिर जूनमध्ये घेऊन काय उपयोग? ते आठवी-नववीतच झालं पाहिजे, आणि झालंच तर दिवाळीच्या आधी, कारण दिवाळीनंतर आईबाप गावात नसतात. सह्या कोण करणार?

एवढं सगळं पार करून पोरगं यादीत आलं असं धरू. आता खरा वादाचा मुद्दा: दहावीच्या मार्कांवर वेल्डर निवडायचा का?

माझं मत स्पष्ट सांगते. नुसत्या मार्कांवर निवडणं बरोबर नाही, पण मार्क काढून टाकणं त्याहून वाईट. आधी पहिली बाजू. दहावीचे मार्क काय मोजतात? तीन तास बसून लिहायची ताकद, भाषा, पाठांतर, थोडं गणित. वेल्डरला काय लागतं? हात स्थिर पाहिजे, नजर पाहिजे, उष्णता आणि धातू यांची समज पाहिजे, धीर पाहिजे. फिटरला मायक्रोमीटर वाचता आला पाहिजे, ड्रॉइंग बघून वस्तू डोळ्यासमोर उभी करता आली पाहिजे. माझ्या वर्गात पोरं असतात ना, ज्यांना मराठीचा धडा वाचताना घाम फुटतो, पण शाळेचा बंद पडलेला पंखा कशानं बंद पडला हे त्यांना आधी कळतं. सायकलची चेन बसवायची तर सर्व पोरं त्यांनाच हाक मारतात. ती पोरं दहावीला काठावर येतात, आणि इलेक्ट्रिशियनच्या यादीत त्यांच्या वर पंच्याऐंशी टक्क्यांचं असं पोरगं असतं, ज्याला मुळात पॉलिटेक्निकला जायचं होतं. दोन महिन्यांनी ते निघून जातं. तोपर्यंत सायकलवाला हार्वेस्टरच्या मागं लागलेला असतो.

आता दुसरी बाजू. मार्क काढले तर त्या जागी काय ठेवणार? मुलाखत? मग फोन सुरू होतील, "आपला माणूस आहे, बघा जरा." बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. प्रवेश परीक्षा? परीक्षा आली की क्लास आला. शेजारी लातूर आहे. अकरावी सायन्सला नाव एकीकडं आणि पोरगं क्लासला लातुरात, यासाठी जमिनी गहाण पडलेल्या आपण बघितल्या आहेत. आयटीआयलाही "फाउंडेशन बॅच" निघायला वेळ लागणार नाही. मार्कांमध्ये एक गुण आहे: ते कागदावर असतात, सगळ्यांना दिसतात, आणि ऊसतोड मजुराचं पोरगं त्या कागदाच्या जोरावर कुणाच्याही ओळखीशिवाय यादीत येऊ शकतं. ही गोष्ट लहान नाही.

मी स्वतः डीएड. आमच्या वेळीही बारावीच्या टक्क्यांवर यादी लागायची. चांगले टक्के असलेली पोरं-पोरी आली, त्यात लेकरांजवळ पाच मिनिटं बसायचा ज्यांना कंटाळा अशीही होती. आणि ज्यांच्या अंगात शिकवणं होतं अशी काही बाहेर राहिली. पुढं गल्लोगल्ली डीएड कॉलेज निघाली, कुणालाही प्रवेश मिळायला लागला, आणि मग कित्येक वर्षं भरतीच थांबली. म्हणजे दार फार अरुंद असतानाही माणूस चुकीचा निवडला जाऊ शकतो, आणि दार सताड उघडल्यावरही. म्हणून मला वाटतं नुसतं दाराशी भांडून उपयोग नाही, दारापर्यंत येणारी वाट बघितली पाहिजे.

जर्मनीचं उदाहरण लोक फार देतात, मीही देते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडं जर्मनीचं नाव जास्तच निघतं. तिथं प्रशिक्षण दुहेरी असतं, आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि बाकीचे कारखान्यात. आणि पोराला निवडतो कारखाना किंवा कारागीर, कारण करार त्याच्याशी होतो. पण मला त्यातली याहून महत्त्वाची वाटते ती आधीची गोष्ट. तिथली मुलं शाळेत असतानाच दोन-तीन आठवडे एखाद्या खऱ्या कामाच्या जागी जाऊन येतात. बेकरीत, गॅरेजमध्ये, दवाखान्यात. सोळाव्या वर्षी अर्ज करताना त्या मुलाला माहीत असतं की पहाटे तीनला उठून पाव भाजणं म्हणजे काय. आपला पोरगा मात्र "इलेक्ट्रिशियन" लिहितो, कारण शेजारच्याला त्यावरून महावितरणात नोकरी लागली.

आणि जर्मनी लांब पडत असेल तर पुणे जिल्ह्यातलं पाबळ बघा. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञानं १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेनं ज्यांना टाकून दिलं अशी पोरं घेतली आणि वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन अशी गावाची कामं करत करत शिकवली. तिथं सुरुवात "तुला किती टक्के" इथून झाली नाही. त्याच्याही आधी, १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तीही आपल्याच मातीत. आपल्याकडं विचारांची कमतरता कधीच नव्हती. आपण कार्यानुभवाच्या तासाला गणिताचा राहिलेला धडा घेतो, ही आपली अडचण आहे.

नवीन शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या धोरणात, सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांसोबत घालवायचे असं सांगितलं आहे. हे आपल्या हातातलं आहे हो! जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीपर्यंत वर्ग आपल्याकडंच असतात. दहा दिवस जाऊ द्या, पाच दिवस तरी खरे भरवा. फोटोपुरते नकोत. गावातल्या वेल्डरकडं, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं, ट्रॅक्टरच्या गॅरेजवर, शिलाई मशीनवर पोरं बसवा. एक दिवस केजच्या आयटीआयत न्या आणि वर्कशॉप दाखवा. कुणाचे डोळे कुठं चमकतात ते वहीत लिहून ठेवा. ही नोंद प्रवेशाला मार्क म्हणून नाही मिळाली तरी चालेल. विकल्प भरताना पहिल्या क्रमांकावर काय लिहायचं, हे त्या पोराला कळलं तरी पुष्कळ झालं.

मुलींबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे. आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, प्रत्येक ट्रेडला. तरी गावातली मुलगी जाते कुठं? शिवणकामाला, ब्युटी पार्लरला, फार तर कॉम्प्युटरच्या कोपाला. हे ट्रेड कमी आहेत असं मी म्हणत नाही, शिलाईवर घर चालवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. पण वायरमनच्या राखीव जागेवर मुलगी आलीच नाही की ती जागा मुलांकडं जाते, आणि मग म्हणायचं मुलींना आवड नाही. आवड कशी असेल, स्क्रूड्रायव्हर हातात दिलाय कधी? आमच्या वर्गात बल्ब बदलायचा असला की आपण नकळत मुलाला हाक मारतो आणि फळा पुसायला मुलीला. बालविवाहाच्या बाबतीत आपला जिल्हा राज्यात वरच्या रांगेत आहे. दहावीनंतरची दोन वर्षं मुलीच्या आयुष्यात फार नाजूक असतात. त्या दोन वर्षांत ती रोज एसटीनं केजला जाऊन फिटर शिकत असेल, तर पाहुण्यांना सांगायला बापाकडं एक कारण असतं, "पोरगी शिकतीय अजून, दोन वर्षं थांबा." मला तरी हे कारण फार मोलाचं वाटतं.

आणि प्रवेशानंतर? सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. आईबापानं उचल घेतलेली असते, पोरगं सोळा-सतरा वर्षांचं, हाताला आलेलं. मुकादम म्हणतो, तेवढाच अर्धा कोयता वाढेल. आयटीआयला परीक्षेला बसायचं तर ८० टक्के हजेरी लागते. ऊसतोडीला गेलेल्या पोराची हजेरी कुठून भरणार? कागदावर त्याचा "प्रवेश" झालेला असतो, जागा भरलेली असते, आकडा चांगला दिसतो. विद्यावेतन कित्येक वर्षं महिन्याला ४० रुपये होतं, २०२३ मध्ये सरकारनं ते ५०० केलं. चांगलं केलं. पण पाचशे रुपये आणि कारखान्याच्या हंगामाची मजुरी यांची बरोबरी कशी व्हायची? एसटीच्या पासाला विद्यार्थ्यांना सवलत आहे, पण बस कुठं वेळेवर आहे. खरी गरज राहायच्या सोयीची आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये आली. आपल्या भागात अशी जागा कुठं मिळते, आयटीआयच्या पोराला मिळते का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून पालकांना सांगणं हे काम कुणाचं, असं विचारू नका. ज्याला विचारलं जातं त्याचं.

पुढच्या वाटांबद्दल गैरसमज काढून टाका. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. दहावी नापास होऊन आयटीआय केलेल्याला बोर्डाच्या ट्रान्सफर ऑफ क्रेडिट योजनेतून दहावीचं प्रमाणपत्र मिळवायची सोय आहे. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्रच लागतं. "आयटीआय केलं की शिक्षण संपलं" हे खरं नाही. उलट पुढच्या कॉलेजचा विचार असेल तर एक वर्षाच्या ट्रेडऐवजी दोन वर्षांचा निवडणं शहाणपणाचं, आणि हे विकल्प भरण्याच्या आधी माहीत पाहिजे, नंतर नाही.

मग शासनानं काय करावं? माझ्या अल्पबुद्धीला सुचतं ते असं. मार्कांची यादी राहू द्या. पण जे पोरगं आठवी-नववीत ठरावीक दिवस खऱ्या कामाच्या जागी राहून आलं आहे, त्याला यादीत थोडं वजन द्या. ते वजन हजेरीच्या नोंदीवर ठरू द्या, कुणाच्या शिफारशीवर नको. आणि ट्रेड बदलायचा असेल तर पहिल्या महिन्यातच, संस्थेच्या आत, जागा असेल तोवर बदलायची सोपी सोय ठेवा. महिनाभर हातोडी धरल्यावर पोराला जे कळतं, ते दहा माहितीपुस्तिका वाचून कळत नाही.

आमच्या शाळेत यंदा मी दोन कामं धरली आहेत. पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी जन्मदाखला, आधार आणि आईबापाच्या आधारवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायचं, जुळत नसेल तर आधी दुरुस्ती करून आणायला लावायची आणि मगच रजिस्टरमध्ये ओळ लिहायची. पोरगं मात्र त्या दिवसापासून वर्गात बसलं पाहिजे, कागदासाठी लेकराला दारात उभं करायचं नाही. दुसरं म्हणजे १९६७ च्या आधीच्या जुन्या रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून नावाप्रमाणे यादी करायची. म्हणजे निर्गम उतारा मागायला कुणी आलं की वाळवी लागलेलं पान उलगडावं लागणार नाही. यादी निम्मी झाली आहे. मोडी नाही, बाळबोधच आहे, पण शाई उडालेली असल्यामुळं नावं लागायला वेळ लागतो. तुमच्या शाळेत हे काम कुणी केलं असेल तर कसं केलं ते कळवा, आणि तुमच्या तालुक्यात दाखल्यांचं शिबिर कुठल्या महिन्यात भरतं तेही सांगा.